नवरंगाचा कुकर

चिरंजीव धाकटीस,

थोरलीचा पाठीत एक धपाटा आणि मग आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. म्हणजे पाकीट पोचलं. तिकीट सरळ लावलेलं, पत्ता वळणदार अक्षरात (असं सूनबाई म्हणते), कडा डिंकाने अशा चिकटवलेल्या की कात्री आणावी लागली. आणि आत काही नाही. सूनबाईने पाकीट उलटं करून झटकलं, दिव्यापुढे धरलं, फुंकर घालून आत डोकावली. पत्र आत घालायलाच विसरलीस, बयो! लहानपणी दप्तर घेऊन शाळेत जायचीस आणि दप्तर तिथेच ठेवून घरी यायचीस, ती खोड पासष्टी उलटली तरी गेली नाही. पण वाईट वाटून घेऊ नकोस. तुला निदान शाळेत घातली. मला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. भरलेलं पत्र मला जितकं वाचता येतं तितकंच रिकामंही येतं. तुझं सगळं बरं चाललंय, असा मी त्याचा अर्थ लावला आणि पाकीट उशाशी ठेवलं. गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी घेतेस का, की घेतली असेल असं वाटून घेत नाहीस? पुढच्या पाकिटात कळव.

आता माझं ऐक, आणि वाचून झालं की हे फाडून टाक. (विसरशील. निदान कुणाच्या हाती लागेल असं ठेवू नकोस.) मला दिसत नाही. डावा डोळा गेल्या वर्षीच पडद्याआड गेला, उजव्याने दुधाच्या ग्लासातून बघावं तसं दिसतं. मोतीबिंदू. हे फक्त सूनबाईला ठाऊक आहे, कारण दोन महिन्यांपूर्वी तिच्यासमोर मी चहा कपाशेजारी ओतला आणि तिथेच ओतायचा होता असा चेहरा केला. ती औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी असते, गावचे डोळे-कान-घसे बघते. तिला कोण फसवणार? तिला मी शपथ घातली. कारण तुझ्या भाच्याला कळलं तर तो मला त्याच दिवशी टेबलावर आडवी करील. शस्त्रक्रियेला मी भीत नाही. (भितात. – सून) भीतीचा प्रश्नच नाही, प्रश्न पडून राहण्याचा आहे. आपली आत्या आठवते ना? डोळ्याचं केलं तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवली होती, मान हलू नये म्हणून. उठली ती डोळ्याने बरी आणि डोक्याने बिघडलेली. मी कूस बदलली की पलंग सरकतो, मला कोण पिशव्या पुरवणार? (आता वीस मिनिटांचं काम असतं, पिशव्या नसतात, शंभरदा सांगितलं. – सून) आत्तासुद्धा मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत सांगतेय आणि ती टेबलाशी बसून लिहितेय. मी खिडकीशी गेले की तिला ऐकू येत नाही, तेव्हा मध्येच एखादा शब्द गळलेला दिसला तर तो खिडकीजवळचा समज. मोठ्याने बोलायची सोय नाही. तुझा भाचा वर गच्चीत कबुतरांचे फोटो काढतोय.

त्याचीच तर गोष्ट सांगायचीय. पाणीखात्यात चौतीस वर्षं त्याने लोकांची मीटरं वाचली. निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने आमचंच मीटर तीनदा वाचलं. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांचं वाचायला गेला, तेव्हा शेजारीण म्हणाली, अहो, बसा की जरा. बसा! आमच्या घराण्यात बूड टेकायची पद्धत आहे का? मग त्याने कॅमेरा घेतला. आधी फुलं झाली, मग ढग झाले, मग पक्ष्यांवर आला आणि तिथे अडकला. त्यातही एकच पक्षी डोक्यात घेऊन बसला, नवरंग नावाचा. अंगावर नऊ रंग, जमिनीवर पानं उलटून किडे टिपतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो आणि माणसाची चाहूल लागली की झुडपात शिरतो, कितीही आर्जवं करा, बाहेर येत नाही. त्याचा फोटो मिळाला की मी स्वस्थ बसेन, असं तो म्हणाला. कॅमेरा घेतानाही हेच म्हणाला होता.

मग जंगलात चार दिवस जायचं ठरलं. सूनबाईला रजा मिळाली नाही. मला एकटीला मागे ठेवायची नाही, कारण मागच्या खेपेला एकटी असताना मी माळ्यावरचे डबे घासायला काढले होते (एक डबा माझ्या आधी खाली उतरला, त्याचा पोचा अजून फरशीवर आहे). म्हणून मलाही गाडीत घातली. आई, तुलाही नवरंग दाखवतो, म्हणाला. समोरचा माणूस मला दिसतो तो चालतो म्हणून. उभा राहिला की मी त्याला कपाट समजते. आणि हा मला वीतभर पाखरू दाखवणार!

निघायच्या आदल्या दिवशी सूनबाईने माझी शिकवणी घेतली. सगळे अहाहा म्हणाले की मनात दोन आकडे मोजायचे आणि मग आपण अहाहा म्हणायचं. कॅमेऱ्याचं तोंड जिकडे, आपलं तोंड तिकडे. रंगाचं नाव घ्यायचं नाही. 'कुठे?' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि कुणी विचारलंच कसा वाटला, तर म्हणायचं, शेपटी काय सुरेख आहे! कारण शेपटी प्रत्येकाला असते. मी येरझाऱ्या घालत घोकलं. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईची ही पहिली परीक्षा.

पहिला दिवस शेपटीवर बरा निभावला, फक्त एकदा घोटाळा झाला. सगळे अहाहा म्हणाले, मी दोन मोजले, अहाहा म्हटलं आणि वर शेपटीची तारीफ केली. ते घुबडाचं पिल्लू होतं, ढोलीतून नुसतं तोंड बाहेर काढून बसलेलं. शेपटी आत होती. तुझा भाचा काही बोलला नाही, भोळा आहे बिचारा. पण तिथला वाटाड्या होता, आम्हाला रानात फिरवणारा, तो भोळा नव्हता. त्याने मला दुर्बीण दिली होती. मी ती डोळ्यांना लावून अर्धा तास या फांदीचं त्या फांदीचं कौतुक केलं. मग तो जवळ आला आणि त्याने दुर्बिणीच्या काचांवरची दोन्ही झाकणं हळूच काढली. आणि झाकणं निघाल्यावरही माझ्या कौतुकाच्या सुरात काडीचा फरक पडला नाही, तेव्हा त्याने घसा खाकरला. त्या खाकरण्यात सगळं आलं. त्यानंतर तो चालताना माझ्या पुढे राहून एकटाच बडबडायला लागला, इथे मूळ आलंय, इथे खड्डा आहे, जणू स्वतःच्या पायांना समजावतोय. गुणी माणूस.

आमच्याबरोबर आणखी एकच पाहुणे होते, दातांचे डॉक्टर. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग माझ्या मांडीएवढं (हात लावून बघितलं, भिंगाला). ओळख झाल्या झाल्या त्यांनी मला दात किती राहिलेत असं विचारलं, तेव्हापासून तो माणूस माझ्या मनातून उतरला. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला आडोशात बसवलं. आडोसा म्हणजे हिरव्या कापडाची कोंडवाड्याएवढी खोली, समोर फटी, फटींतून कॅमेऱ्यांची नळकांडी बाहेर, पुढे पाण्याचं पसरट भांडं. तीन तास हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं नाही. बयो, त्यापेक्षा वाळूच्या पिशव्या बऱ्या! मी उजव्या पायाची बोटं हलवली, मग डाव्या. पदराचं टोक दुमडलं, उलगडलं, पुन्हा दुमडलं. खुर्ची करकरली तशी तिन्ही डोकी माझ्याकडे वळली. मला आपल्या आयुष्यातली सगळी राहिलेली कामं एकदम आठवायला लागली. आणि तेवढ्यात समोरच्या झुडपातून शीळ आली. दोन सुरांची, स्वच्छ, अगदी शेजारी. आडोशातला प्रत्येक जण श्वास धरून बसला. नवरंग!

शीळ आली, थांबली, आली. मला दुसरं काय काम? मी मोजत बसले. अकरा शिळा झाल्या, आणि लांबून, अगदी बारीक, कुकरची शिट्टी. एक. दोन. तीन. मग पुन्हा अकरा शिळा. मला वाटलं, आम्ही उतरलो होतो तिथल्या स्वयंपाकघरातलं असेल. पण ते होतं कोसभर मागे, आणि तिथला आचारी कुकर वापरत नव्हता, मी पहिल्याच दिवशी आत जाऊन त्याची भांडी चाचपून आले होते. पुन्हा अकरा शिळा, पुन्हा तीन शिट्ट्या. आता तूच सांग, स्वयंपाकघरात साठ वर्षं काढलेल्या बाईला तीन शिट्ट्यांनंतर गप्प बसता येतं का? हात आपोआप गॅसकडे जातो. दुसऱ्यांदा मी दात-ओठ आवळले (जे आहेत ते). तिसऱ्यांदा राहवलं नाही. उठून उभी राहिले आणि ओरडले, अहो, त्या नवरंगाचा कुकर कुणीतरी उतरवा, करपेल ना आतलं!

सगळं रान गप्प झालं. फक्त नवरंग शीळ घालत राहिला. वाटाड्या उठला, झुडपात गेला, आणि शीळ हलत हलत आमच्याकडे आली. त्याच्या हातात मुठीएवढा डबा होता, गाणी ऐकायचा असतो तसा. पक्ष्याचा आवाज भरून, झुडपात पानांखाली ठेवलेला. वाटाड्या आवाज न चढवता बोलला, म्हणून जास्त लागलं. खऱ्या नवरंगाचं घरटं पलीकडेच आहे. हा आवाज ऐकून त्याला वाटतं, दुसरा कुणी आपली जागा बळकावायला आलाय. कालपासून तो खाणंपिणं टाकून, अंडी टाकून या झुडपाभोवती धावतोय. कुणी केलं हे?

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? आणि मांडीएवढ्या भिंगाकडे बोट केलं. दातांचे डॉक्टर चांगलेच तडकले. मीही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. आमचं जुंपलं तेवढ्यात डबा आपला चालूच. अकरा शिळा, तीन शिट्ट्या, आणि आता तो जवळ आल्यामुळे झुडपात असताना ऐकू न आलेलं पुढचंही ऐकू आलं. एक बाई. "अगं, गॅस बारीक कर, झोपलीस का उभ्या उभ्या? आणि हा कोण मेला घरात कोकलतोय सकाळपासून?"

मी म्हटलं, बघा, डॉक्टर, तुमच्या घरातलंच हे. काय तो आवाज! कोण ही कजाग बाई? हिच्या सुनेची मला दया येते.

डॉक्टर फार सौजन्याने म्हणाले, "आजीबाई, आवाज ओळखीचा वाटतो हो."

आपला आवाज आपल्याला परका लागतो, हे मला या वयात रानात जाऊन कळलं. झालं होतं असं की तुझ्या भाच्याने नवरंगाची शीळ कॉम्प्युटरवर शोधली, पण ती तिथून फोनमध्ये कशी घ्यायची हे काही त्याला जमेना. चौतीस वर्षं मीटर वाचलेला माणूस तो; जे समोर आहे ते टिपून घ्यायचं एवढंच त्याला ठाऊक. त्याने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला आणि त्याच्या तोंडाशी फोन धरून आवाज भरला. मागे आमचा कुकर. कुकरमागे मी. ऐकून बघितलं असणार त्याने, पण या घरात कुकर आणि मी कुणाच्या कानाला टोचत नाही, इतकी वर्षं झाली. (मला मात्र दोन्ही ऐकू येतात. – सून) त्याचं तोंड त्या वेळी कसं झालं असेल, ते मला दिसलं नाही. मोतीबिंदूचे आभार मानावेत अशी आयुष्यात ही एकच वेळ आली.

वाटाड्याने त्याला आडोशाची बंदी केली, आणि ठीकच केलं. मी डॉक्टरांची माफी मागितली. त्यांनी सूड म्हणून माझं तोंड उघडून बघितलं आणि सात दात आहेत, त्यातले तीन नुसते हजेरीपुरते, असं सगळ्यांदेखत जाहीर केलं. पुढचे दोन दिवस तुझा भाचा व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होता. मी त्या टोकापासून या टोकापर्यंत. मध्ये भेट व्हायची. एका भेटीत मी विचारलं, अरे, असली लबाडी कशाला केलीस? तो म्हणाला, लांब बसला असता तर तुला... आणि थांबला. पुढच्या भेटीत म्हणाला, जवळ आला असता तर तुला नीट बघता आला असता. म्हणजे त्याला आपलं वाटतं, वयामानाने आईला लांबचं जरा कमी दिसतं, तेवढंच. बाकी त्याला काही कळलेलं नाही, निश्चिंत राहा.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही पायरीवर गाडीची वाट बघत बसलो होतो. सामान बांधलेलं, कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी. उजेड उतरत होता. तेवढ्यात वाळलेली पानं वाजली. खस. मग थांबून, खस खस. वाऱ्याने वाजतात तशी नाही. कुणीतरी एकेक पान उचलून खाली बघून पुन्हा ठेवावं तशी, टापटिपीने. तुझ्या भाच्याचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. मला वाटलं, आता हा पिशवीत हात घालील, टॉवेल काढील, धावेल. नाही. बसून राहिला, बयो, पहिल्यांदा जन्मात! आणि माझ्या कानाशी बोलायला लागला. पाठ हिरवी. पोट बदामी. डोळ्यावरून काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई. पंखावर निळं, चमकतंय. शेपटीखाली लाल. मी म्हटलं, मला काय सांगतोस, मी काय बघत नाही? तो म्हणाला, मी माझ्याशीच बोलतोय. मी सवयीने शेपटीची तारीफ केली. नवरंगाला शेपटी जवळजवळ नसतेच, हे मला नंतर कळलं.

पण आता खरी गोष्ट. मला दिसला. खांबाजवळ, लाल. शपथ घालून सांगते, लालभडक ठिपका, एका जागी बसलेला, माझ्याकडेच बघत असल्यासारखा. दुधात कुंकू पडावं तसा. नऊ रंगांतला एक मी माझ्या डोळ्याने बघितला. घरी आल्यापासून मला धड झोप नाही. दिवसभर फिरते आणि सूनबाईला विचारते, पाठीचं हिरवं कसलं, पानाचं की शेवाळाचं? आठ राहिलेत. असो. राहिले तर राहिले. शस्त्रक्रियेचं नाव तू काढू नकोस, मी ऐकणार नाही.

लहानथोरांना ज्याचं त्याला पोचव.

तुझी थोरली
(अंगठा उठवलाय. अर्धी शाई सूनबाईच्या बोटाला लागली, तेव्हा दोघींची सही समज.)

ता. क. – हे माझं, सुनेचं. आईंना वाचून दाखवलेलं नाही. मावशी, साष्टांग नमस्कार. यांना सगळं पहिल्यापासून माहीत आहे. मी शपथ मोडून सांगायला गेले, तर त्यांना माझ्याही आधी कळलेलं होतं. भिंतीवर उलटी टांगलेली तसबीर आई आठवडाभर वाखाणत होत्या. रानात नेलं तेही त्यासाठीच, उरलेल्या नजरेने त्यांना नवरंग बघायला मिळावा म्हणून. डॉक्टरांनी येत्या गुरुवारची सकाळ दिली आहे आणि आईंना सांगायचा धीर आम्हा दोघांना नाही. तुम्ही आलात तर त्या ऐकतील. आणखी एक, हे कृपा करून त्यांना कधीच बोलू नका: तो लाल ठिपका म्हणजे खांबाला टांगलेली आग विझवायची बादली होती. वाळूची. पक्षी डावीकडे होता. – तुमची सून

आणखी ता. क. – हे माझं. अंगठा देऊन झाल्यावरही सूनबाईचं पेन बराच वेळ चालू होतं. मध्ये कागद उलटल्याचाही आवाज आला. मी फेऱ्या थांबवून ऐकत होते. (मी मुकाट्याने लिहीत आहे. – सून) डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. गच्चीतून फोनवर कोण कुणाकडून गुरुवारची सकाळ मागून घेतं, तेही कळतं. तुझा भाचा दबक्या आवाजात बोलतो तेव्हा तर शेजारच्या घरातही कळतं. तिघंही आपापल्या आडोशात श्वास धरून बसलोय आणि कुकर चौथी शिट्टी देतोय. तर खरं सांगते, पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: गुरुवारी मी जातेय. तू बुधवारी ये. पिशव्या नसतात म्हणतात, पण असल्याच तर एका बाजूची काढून तिथे तू बस आणि बोलत राहा. आणि ते लाल काय होतं, ते मी कुणाला विचारलेलं नाही. पानं डावीकडे वाजत होती आणि लाल उजवीकडे दिसलं, एवढं मलाही कळतं. म्हणजे आठ नाही, नऊच्या नऊ राहिलेत. (सूनबाई, लिही, रडतेस काय?)

तू गाडी चुकवणार हे धरून खाऊ आधी टपालाने पाठव. खजूर पाठव, मऊ, बिया काढलेला. कडक चावायचं नाही म्हणतात, आणि माझं तोंड चालू असलं तरच बाकीचं अंग गप्प पडून राहतं. आणि डब्याचं झाकण लावण्याआधी खजूर आत आहे ना, ते एकदा बघ.